गावात मानसिक आरोग्याचं काम: शाळेच्या ओट्यापासून सिव्हिलच्या ओपीडीपर्यंत

गिरणाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी भडगाव-पाचोरा पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शाळा सांभाळून गावात मानसिक आरोग्याचं काम करते. बचत गटाची बैठक, पालक सभा, गणपती मंडळ, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीबाळी, जिथे चार माणसं ऐकतील तिथे बोलते. खान्देशातले आणखी शिक्षक, आशाताई, डॉक्टर, शेतकरी इथे असतील तर त्यांनी आपापल्या तालुक्याचं लिहावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते. नुसत्या भाषणाने गावात फारसं काही हलत नाही. लोक ऐकतात, मान डोलावतात, "मॅडम छान बोलल्या" म्हणतात, आणि घरात महिनोन् महिने धड न झोपलेला माणूस तसाच खाटेवर पडून राहतो. त्यांना पटलेलं असतं हो! पण जळगावच्या सिव्हिलला गेल्यावर कुठल्या दाराने आत शिरायचं, कोणत्या वारी जायचं, केसपेपर काढताना काय सांगायचं, डॉक्टरसमोर तोंड कुणी उघडायचं, गावात कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे त्यांना कुणीच सांगत नाही. म्हणून मी माझ्या कामातला मोठा भाग सोबत जाण्याचा ठेवलाय. पहिल्या खेपेला वाट माहीत असलेलं माणूस बरोबर असलं की दुसऱ्या खेपेला घरचे आपले आपण जातात.

शिक्षकानेच का करायचं, असं विचारतात. कारण आम्हाला लवकर दिसतं. पोरगं सोमवारी उपाशी येतं, गणवेश आठवडाभर तोच, अक्षर बिघडतं, नेहमी पुढे बसणारी मुलगी खिडकीकडे तोंड करून बसते. मधल्या सुटीत नळावर हात धुता धुता एखादं पोर सहज सांगून जातं, "मॅडम, मनी माय रातभर जागीच ऱ्हास" (माझी आई रात्रभर जागीच असते). त्या एका वाक्यात घराची सगळी खबर असते.

आकडे हवे असतील तर निम्हान्सने (बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने) केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) आहे. त्यात साधारण १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. दोन हजार मतदारांच्या गावाला हा हिशोब लावून बघा, दोनशेच्या आसपास माणसं होतात. आपण ओळखतो ती एस.टी. स्टँडवर फाटक्या कपड्यांत फिरणारी एक-दोन. बाकीची शेतात, चुलीपुढे, दुकानात, वर्गात असतात.

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पुण्यात येरवड्याला, ठाण्यात, नागपुरात आणि रत्नागिरीत. खान्देशात एकही नाही, आणि हे ऐकलं की लोक हात टेकतात. पण बहुतेकांना भरती व्हायची गरजच नसते. ओपीडी, गोळ्या, बोलणं आणि घरचा आधार यावर माणूस उभा राहतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या वारी तालुक्याला येतं. जायला जमतच नसेल तर १४४१६ वर टेली मानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालतं, मराठीत बोलता येतं.

तुमच्याकडे काय चालतं, काय अडतं, लिहा. नावं, गावं लिहू नका एवढी विनंती.


केळीवाला_रावेर

ताई, धागा दोनदा वाचला. आमच्याकडचं सांगतो. मे-जूनच्या वादळात केळी आडवी झाली की माणसं बांधावर उभी राहून नुसती बघत राहतात. वर्षभर पाणी-खत घालून आणलेला बाग, घड कापणीला आलेला, आणि अर्ध्या तासात सगळं जमिनीवर. पंचनामा होतो, मदत कधी येते कधी उशिरा येते. पण त्या दिवसापासून त्या माणसाच्या आत काय चाललंय त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

माझा पुतण्या गेल्या वादळापासून बदललाय. व्यापाऱ्याचा फोन उचलत नाही, सोसायटीचं कर्जाचं पत्र आलं की उठून आत जातो. डोकं जड, छातीत धडधड, अंगात कसर, एवढंच सांगतो. गावातले डॉक्टर सलाईन लावतात, दोन दिवस बरं, मग परत तेच. घरच्यांनी उतारा झाला, दृष्ट झाली, सगळं केलं.

परवा तो म्हणाला, "काका, मी नसलो तर तुमचं कर्ज तरी निपटेल." तेव्हापासून माझी झोप उडालीय. वहिनीला म्हटलं सरळ विचारू, की तुझ्या मनात जिवाचं काही येतं का. ती म्हणते विचारलं तर उलट डोक्यात भरेल. विचारावं की नाही?


मनवैद्य

केळीवाला दादा, विचाराच. आणि आजच विचारा. मी धुळ्याला मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, ही शंका मला रोज कुणीतरी विचारतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तो असेल तर आधीच आत आहे आणि माणूस त्याच्याबरोबर एकटा पडलाय. विचारलं की बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. शेजारी बसून, शांतपणे, कुणी मध्ये येणार नाही अशा वेळी विचारा: "तुला इतका त्रास होतोय, तर जगू नये असं मनात येतं का? काही करायचं ठरवलंयस का?" उत्तर आलं की उपदेश सुरू करू नका. बायकापोरांची शपथ घालू नका. ऐका, आणि "आपण दोघं उद्या डॉक्टरकडे जाऊ" एवढंच म्हणा.

आजपासून तीन गोष्टी करा. त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून, गोठ्यातून काढून दुसऱ्याकडे कुलपात ठेवा, किल्ली त्याच्याकडे नको. आणि पुढच्या ओपीडीची वाट न बघता उद्याच मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. आज रात्री काही कमी-जास्त वाटलं तर १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. त्या कुलपाला कमी लेखू नका. टोकाचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेत सर्वांत घातक कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर आत्महत्यांचं प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आलं.

डोकं जड, धडधड, अंगदुखी, भूक नाही, पहाटे तीन-चारला जाग, कशात रस नाही, स्वतःला दोष देणं. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर नैराश्याचा विचार करावा लागतो. आपल्याकडे माणूस "मन उदास आहे" म्हणून येत नाही, तो अंग दुखतं म्हणून येतो. थायरॉईड, रक्त कमी असणं हेही आम्ही तपासतो.

गोळ्यांबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी बेचैनी होऊ शकते. तिथेच निम्मे लोक सोडून देतात. आणि बरं वाटलं की उरलेले सोडतात. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या असतात, कमी करायच्या तर डॉक्टरला विचारून. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागते, म्हणून मेडिकलवरून परस्पर घेऊ नका.


सरळमत

विषय महत्त्वाचा आहे, पण मी माध्यमिक शिक्षक म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. बीएलओचं (मतदार यादीचं) काम आम्ही, सर्वेक्षणं आम्ही, पोषण आहाराच्या नोंदी आम्ही, ऑनलाईन माहिती रोज वेगळ्या लिंकवर आम्ही. आता गावाचं मनही आम्हीच सांभाळायचं? शिक्षक काही समुपदेशक नाही. अर्धवट माहितीवर कुणाला काही सल्ला दिला आणि वाईट झालं तर जबाबदार कोण? सरकारला फुकटचा माणूस मिळाला की पद भरलं जात नाही, हे आपण आयुष्यभर बघितलंय.


वकील_धुळे

सरळमत सर, तुमच्या मुद्द्याला कायद्याचा आधारच आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास सगळ्यांना लागू. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. शिक्षक-शिक्षकेतर सगळ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, आणि टेली मानससारख्या हेल्पलाईनचे नंबर ठळक जागी लावायचे. तेव्हा मुख्याध्यापक संघाने आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी ठराव करून समुपदेशक मागावा. लेखी मागावा.

दुसरं, गावोगाव मला दिसतं ते पोलिसांचं भय. कुणी जिवाचं काही केलं की घरचे "चुकून पोटात गेलं" सांगतात आणि त्यामुळे मानसोपचार राहूनच जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या दंड संहितेतल्या ३०९ सारखं, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम राहिलेलं नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो, पण त्याला घाबरून डॉक्टरपासून खरं लपवू नका. खरं सांगितलं तर उपचार बरोबर होतो.


गिरणाकाठ

केळीवाला दादा, डॉक्टरांनी सांगितलंय तसं आज बोलून घ्या. मी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा.

सरळमत सर, पद भरलंच पाहिजे, त्या मागणीत मी तुमच्यासोबत आहे. सल्ला द्यायचा नाही हेही खरं. मी आजाराचं नाव घेत नाही, गोळीबद्दल बोलत नाही, कुणाचं लग्न-कर्ज-भावकी सोडवायला बसत नाही. बघायचं, ऐकून घ्यायचं, बरोबर दारापर्यंत न्यायचं आणि पुढच्या तारखेला "गेला होतास का रे भाऊ?" म्हणून विचारायचं, एवढंच. एवढ्यासाठी पदवी लागत नाही.

पण हे करताना गावाची रीत सांभाळावी लागते, त्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण प्रशिक्षणात हे कुणी सांगत नाही.

मॅडम एखाद्याच्या घरी गेल्या की गल्लीला लगेच कळतं, त्यांच्या घरी काहीतरी आहे. म्हणून मी एका घरी कधीच जात नाही. पटनोंदणी असो, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण असो, त्या निमित्ताने गल्लीतल्या सगळ्या घरी जाते. जिथे थांबायचं तिथे चहा घेते. बाईशी बोलायचं असेल तर सासूला आधी बोलतं करते. सासूची झोप, सासूचे गुडघे विचारले की ती स्वतःच म्हणते, "सूनबाईकडे बघा जरा, बोलतच नही ती."

पुरुष पालक सभेला येत नाहीत. ते दूध डेअरीवर, पारावर, कृषी केंद्रात भेटतात. तिथे बाईमाणसाने उभं राहून मनाबिनाचं बोलणं अवघड असतं, म्हणून डेअरीचा सचिव आणि केशकर्तनालयवाला भाऊ यांना मी आधी सगळं समजावलं. माणूस खुर्चीत बसला की बोलतो, आणि कोण दोन महिने दाढीलाही आला नाही हे त्याला बरोबर माहीत असतं. आता तो मला सांगतो.

अखाजीचे दिवस मला फार मोलाचे वाटतात. झोके बांधलेले, सासरहून लेकी आलेल्या, दुपारी सगळ्या एकत्र. सासरी जे बोलता येत नाही ते माहेरच्या अंगणात निघतं. त्याच सणाला सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं) साल फिरतं, उचल घेतली जाते, आणि पत्त्यांचा डाव बसतो. डावात साल गेलेल्या घरांचं पुढे काय होतं ते मला जूनमध्ये वर्गात दिसतं. त्यामुळे अखाजीच्या आधी आणि नंतर मी बचत गटात मुद्दाम बसते.

शाळेच्या भिंतीवर पोषण आहाराच्या पाककृतीशेजारी १४४१६ रंगवून घेतलाय. रेशन दुकानात, कृषी केंद्राच्या काउंटरवर, पीठगिरणीवर तोच चिकटवलाय. पोरांना तो पाढ्यासारखा पाठ आहे. घरातला मोबाईल लावून देणारी तीच असतात.


मनवैद्य

शेवटच्या मुद्द्यात एक भर. पोरांना नंबर पाठ असावा, पण आईबापाला सांभाळायची जबाबदारी पोरावर पडता कामा नये. वर्गात हे वाक्य बोलून दाखवा: "घरात कुणाला त्रास होत असेल तर मोठ्या माणसाला सांगणं एवढंच तुझं काम. बरं करणं तुझं काम नाही, आणि झालं त्यात तुझी चूक नाही." आठ-नऊ वर्षांची मुलं रात्रभर आईवर पहारा देत जागतात. दिवसा वर्गात झोपली म्हणून ओरडा खातात.


सातपुडा_पायथा

मी धडगाव तालुक्यात आश्रमशाळेवर आहे. आमचं सगळं वेगळं आहे. सहा वर्षांचं पोर जूनमध्ये डोंगरावरच्या पाड्यावरून येतं, घरी पावरी बोलतं, इथे मराठी. पहिले काही आठवडे ते बोलत नाही, रात्री अंथरूण ओलं करतं, संधी मिळाली की पळतं. याला शिस्त मोडली म्हणायचं की मन फुटलं म्हणायचं? आम्ही आता मोठ्या वर्गातली त्याच पाड्यावरची मुलगी-मुलगा त्याच्या शेजारी झोपायला देतो आणि पहिल्या महिन्यात आईबापाला कधीही येऊन भेटू देतो. पळण्याचं प्रमाण कमी झालं. अंथरूण ओलं केलं तर सगळ्यांसमोर काही बोलायचं नाही, हा नियम अधीक्षकापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना आहे.

पाड्यावर आजार झाला की पहिला बडवा, म्हणजे तिथला मांत्रिक. त्याला विरोध करून मी काही करू शकत नाही, आणि करूही नये असं मला वाटतं. रात्री दोन वाजता डोंगरावर तोच असतो. मी त्याच्याशी ओळख ठेवली. तो त्याचा विधी करतो, मग सांगतो, "आता गुरुजींबरोबर दवाखान्यात जा." त्याने सांगितलं की घर जातं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याला मीरा दातारचा दर्गा आहे, तिथे दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय केलीय, "दवा आणि दुआ" नावाने. मुजावर (दर्ग्याचे सेवेकरी) स्वतः रुग्ण डॉक्टरकडे पाठवतात. आपल्याकडे हे पाड्यापाड्यावर करता येईल.

मात्र एका जागी मी अजिबात नमतं घेत नाही. घरातला माणूस भ्रमात बडबडू लागला, पोरगं फिट येऊन पडलं, आणि कारण कळलं नाही, की गावातल्या एखाद्या एकट्या बाईवर डाकीण म्हणून बोट जातं. मग तिचं घर, शेत, जीव सगळंच धोक्यात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा याच्यासाठी आहे, पण पोलीस येईपर्यंत उशीर होतो. आजारी माणूस वेळेत दवाखान्यात गेला आणि आजाराचं कारण सगळ्यांना कळलं, तर त्या बाईवर बोटच जात नाही. म्हणून माझ्यासाठी मानसिक आरोग्याचं काम आणि त्या बाईचं संरक्षण एकच आहे.


गिरणाकाठ

सर, तुमचा प्रतिसाद मी आमच्या केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांना वाचायला देणार आहे. साखळीने बांधून ठेवलेली माणसं मी आमच्याही भागात पाहिलीत, वाड्यात, गोठ्यात. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला आगीत २८ माणसं गेली, साखळदंडांमुळे पळताच आलं नाही. आज मानसिक आरोग्य कायद्याने बांधून ठेवायला मनाई आहे. पण घरच्यांना दोष देऊन काही होत नाही. दिवसा दोघं मजुरीला जातात, तो विहिरीकडे जातो, ते काय करणार? त्यांना उपचार दिला की साखळी तेच काढतात.


अमळनेरकर

निवृत्त शिक्षक आहे. आमच्या गावात साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे. आजारी मुलाच्या उशाशी बसणारा, मुलांची कामं स्वतः करणारा शिक्षक, हे जुन्या लोकांकडून आम्ही ऐकत मोठे झालो. गिरणाकाठ ताई करतात ते काम खान्देशात नवं नाही, एवढं सांगायला लिहितोय.

आणखी एक सांगायचं आहे. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आपण जयंती-पुण्यतिथीला भाषणं करतो, तिथे या गोष्टीपाशी येऊन सगळे गप्प होतात. का केलं असेल याचे तर्क मला करायचे नाहीत, तो अधिकार मला नाही. पण मी नोकरीत असताना दहावीच्या मुलांना हे स्पष्ट सांगत असे. इतरांवर इतकी माया करणारा, इतका मोठा माणूससुद्धा आतून खचू शकतो. त्यात दुबळेपणा नाही, लाज नाही, आणि अशा वेळी मदत मागायची असते. मुलं फार शांतपणे ऐकायची, आणि नंतर एखादं स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभं राहायचं.

शिक्षकांच्याही मनाचं बघा. घरापासून लांब बदली, आजारी आईबाप, गृहकर्जाचे हप्ते, वर सरळमतांनी सांगितलेला कामांचा ढीग. केंद्र परिषदेत पाच मिनिटं तरी "तुम्ही कसे आहात" हे विचारायला ठेवा.


सरळमत

अमळनेरकर सर, मनाला लागलं. समुपदेशकाचा ठराव आम्ही मांडतोय, वकीलसाहेबांनी सांगितलेल्या मुद्द्यांसह.


आशाताई_धरणगाव

मी आशा आहे. दोन गोष्टी विचारायच्यात. आमच्याकडे एक बाळंतीण चौथ्या दिवसापासून झोपेना, बडबड करू लागली, बाळाला "हे माझं नाही" म्हणू लागली. घरचे म्हणाले बाहेरनं शे (बाहेरची बाधा आहे), सुतक फिटल्यावर बघू. मी गाडी बोलावून नेलंच. भरती करावं लागलं, आता बरी आहे, बाळाला दूध पाजते. पण सगळ्याच घरी ऐकत नाहीत. त्यांना काय सांगावं?

दुसरं, दारू. बायका म्हणतात ताई, न सांगता भाजीत टाकायचं औषध आणून द्या. आणि ज्याने एकदम सोडली तो दोन-तीन दिवसांनी थरथरायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, मग भगत बोलावतात.


मनवैद्य

ताई, तुम्ही एक आई आणि एक बाळ वाचवलंत. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी झोप उडणं, भ्रम, बाळाबद्दल विचित्र बोलणं ही तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी न्यायचं. घरच्यांना सांगा की बाळंतपणात रक्तस्राव झाला असता तर सुतक फिटायची वाट बघितली असती का? उपचाराने या बायका चांगल्या बऱ्या होतात. पुढच्या बाळंतपणाआधी मात्र डॉक्टरला भेटायचं, कारण पुन्हा होऊ शकतं.

दारूचं. न सांगता औषध अजिबात देऊ नका. त्यातलं एक औषध असं आहे की वर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो, जीव जाऊ शकतो. ते फक्त माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचं. आणि वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरी एकदम सोडणं धोक्याचं असतं. थरथर, घाम, झटके, भास, तारखा-माणसं न ओळखणं, हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसतं. हा शरीराचा गंभीर आजार आहे. रुग्णालयात ठेवून औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन तो सुरळीत पार पडतो. "बापूने आजपासून सोडली" म्हणून गावात पेढे वाटण्याआधी त्याला दवाखान्यात दाखवा.


सुरतकर_नंदुरबारी

सुरतेत उधन्याला आहे, मूळ गाव तळोद्याकडे. आमचे कितीतरी तरुण इथे लूमवर बारा-बारा तास उभे असतात, दहा जण एका खोलीत. गावाकडचे शिक्षकच त्यांचे अजूनही "सर", घरच्यांचं ऐकत नाहीत पण सरांचा फोन घेतात. तुम्ही लोक कानबाईच्या सणाला गावी आलेल्या पोरांना बोलवाल का? दोन दिवस सगळे गावात असतात.

माझ्या धाकट्या भावाला भास व्हायचे. दीड वर्ष उपचार, आता ठीक आहे, गोळ्या चालू. पण गावात कुणी कामाला लावत नाही. लग्नाचं तर सोडाच. बरा झाल्यावर पुढे काय, यावर कुणी बोलत नाही.


केळीवाला_रावेर

सगळ्यांना कळवतो. वहिनीने नाही, मीच विचारलं, त्याच संध्याकाळी. खूप वेळ रडला. म्हणाला हो, येतं मनात. औषधाचे डबे सगळे माझ्या मळ्यातल्या खोलीत कुलूप लावून ठेवले. रात्री मी त्याच्या खोलीत झोपलो. सकाळी जळगावला नेलं, गिरणाकाठ ताई स्टँडवर येऊन थांबल्या होत्या. गोळ्या सुरू केल्यात, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. अजून काही फरक नाही, पण डॉक्टरांनी इथे आधीच लिहिलं होतं म्हणून घरचे घाबरले नाहीत. सोसायटीच्या पत्राचं मी बघतोय.


गिरणाकाठ

दादा, वहिनींना सांगा, मळमळली तर गोळी जेवणानंतर चालते का हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं, बंद करायची नाही. पुढच्या खेपेला केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड आणि एका कागदावर रोजची झोप-जेवण लिहून न्या. रोज त्याच्याबरोबर राहणारं माणूस सोबत हवं. आपण बाहेरून आलेले काका असलो की डॉक्टरला निम्मंच कळतं, म्हणून या वेळी त्याच्या बायकोला न्या. आणि त्याला हळूहळू छोटं काम द्या, एकदम बाग नको.

सुरतकर भाऊ, कानबाईची कल्पना मी घेतली. रोटांच्या दिवशी सगळं कूळ एकत्र असतं, तिथे फार बोलायला नको, पण नंबरचा कागद आणि दहा मिनिटं पुरतील.

तुमच्या भावाबद्दल. अपंगत्व हक्क कायदा २०१६ मध्ये जी २१ प्रकारची अपंगत्वं आहेत त्यांत मानसिक आजार आहे. उपचार चालू असूनही कामावर परिणाम राहिला असेल तर जिल्हा रुग्णालयात मूल्यांकन होऊन प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) मिळतं. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त आलं तर योजनांचे लाभ मिळतात, संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला अर्ज करता येतो. त्याला हे कार्ड हवंय का, हे मात्र त्यालाच विचारा, काहींना नको असतं. कामाचं म्हणाल तर आमच्या गावात असाच एक मुलगा डेअरीवर दूध मोजायला लागला. सचिवाला आधी सगळं खरं सांगितलं, रात्रपाळी नको आणि गोळ्यांची वेळ चुकवायची नाही हे ठरवून घेतलं. तो आता महिन्याचा हिशोबही करतो. तुमच्या गावात ओळखीचा दुकानदार, गुरुजी कुणी असेल तर मला कळवा, मी त्यांच्याशी बोलते.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पथक कोणत्या वारी येतं, ते ज्यांना खात्रीने माहीत आहे त्यांनी खाली लिहा. शहादा, तळोदा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल इथलं मला हवं आहे. रुग्णालयात फोन करून खात्री करूनच लिहा, कारण चुकीच्या वारी गेलेला माणूस पुन्हा जात नाही. मिळेल तसं मी पहिल्या पोस्टखाली जोडत जाईन.